शहापूर ते टोकावडे, नारळ जमिनीवर न टेकवता

"कशाला?" हा एकच शब्द त्या आठवड्यात मी किती जणांच्या तोंडून ऐकला! सासूबाईंनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, शाळेच्या शिपायाने विचारला, आणि आसनगावच्या फलाटावर तिकीट घेणाऱ्या मास्तरांनीही विचारला. काशीला निघाले असते तर हेच लोक पाया पडले असते. पण नवरा गेलेल्या, केस राखलेल्या, पस्तिशीच्या बाईने एकटीने उठून मुरबाडकडे जायचं, आणि तेही तीर्थ नाही, सोयरीक नाही, बाळंतपण नाही! माझ्याजवळ कारण होतं. ते लोकांना कारण वाटत नव्हतं, याला मी काय करणार?

झालं होतं असं. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मी नऊ वर्षं भूगोल शिकवत होते. दर वर्षी फळ्यावर तपकिरी खडूने सह्याद्री काढायचा, त्याच्या अलीकडे कोकणपट्टी, पलीकडे देश. त्या वर्षी पाचवीतल्या मंदाने हात वर केला आणि विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय का हो हा?" मी म्हटलं, "गप्प बस आणि नकाशा काढ." ती बसली. मला मात्र घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. नऊ वर्षं मी मुलींना जे सांगत होते, ते सगळं दुसऱ्याच्या पुस्तकातून. म्हणून दिवाळीची सुट्टी संपायच्या आत घाटाच्या पायथ्याशी जाऊन उभं राहायचं, एवढं ठरवून मी निघाले. लढाई सुरू व्हायच्या आदल्या दिवाळीतली ही गोष्ट आहे. आपल्या महिला मंडळातल्या दोघीतिघींनी वाट विचारली, म्हणून आता लिहिते आहे.

तर वाट अशी. ठाण्याहून सकाळची गाडी धरून आसनगावला उतरायचं. तानसाचं तळं बघायचं असेल तर मात्र आटगावचं तिकीट काढा, ते पुढचं स्टेशन. आसनगावाबाहेर टांगे उभे असतात, शहापूरला जायला अर्धा तास पुरतो. शहापुरात माझ्या मैत्रिणीच्या मावशी होत्या, त्यांच्याकडे पहिला मुक्काम केला. ज्यांच्या मावशी नसतील त्यांनी धर्मशाळेत उतरावं, अंथरूण मात्र आपलं न्यावं. बरोबर छत्री, जुन्या वहाणांचा एक जादा जोड आणि हिवतापावरच्या क्विनीनच्या गोळ्या हव्यातच. क्विनीन हल्ली लढाईमुळे मिळत नाही, पण ओळखीच्या डॉक्टरांकडे हात पसरायला लाजू नका.

दुसऱ्या दिवशी उजाडताच किन्हवलीकडे जाणारी बैलगाडी ठरवली. सहा आणे सांगितले, पाचावर तुटलं. गाडीवान कमळू नावाचा, पन्नाशीचा, जाड आवाजाचा कुळंबी. गावाबाहेर पडलो. मागे माहुलीचे सुळके उन्हात आले होते, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची उडवी रचलेली, आणि वाऱ्यावर नव्या पेंढ्याचा वास. मी अगदी सुखात होते. तेवढ्यात कमळूने मान वळवली.

"बाय, एकल्याच चाल्लाव? कशाला?"

आता पाहा, मी खरं सांगायला हवं होतं. पण चार दिवस तोच शब्द ऐकून माझं डोकं उठलं होतं. मावशींनी आदल्या संध्याकाळी टोकावड्याच्या पुढे घाटाच्या तोंडाशी असलेल्या वाघदेवाची गोष्ट सांगितली होती. मी फाडकन म्हटलं, "वाघदेवाला. नवस आहे."

कमळूचा चेहराच पालटला. "आसं व्हय! मंग आदी नाय का सांगायचं?" त्याने पाठीमागचं गवत नीट करून मला बसायला दिलं. त्यानंतर वाटेत जो भेटेल त्याला तो ओरडून सांगत सुटला, "नवसाची बाय हाय रे, वाघदेवाला चालली!" शेतातल्या बायका उभ्या राहून हात जोडत. मी पदर पुढे ओढून बसले. मला नवसांचा किती राग आहे हे ठाऊक असतं, तर कमळूने मला तिथेच उतरवलं असतं. माझ्या नवऱ्याच्या आजारात सासूबाईंनी सात देवांना सात नवस केले होते. सातव्या देवाचा कौल यायच्या आत तो गेला. तेव्हापासून देवाशी घासाघीस करणारं कोणीही माझ्यासमोर आलं की माझ्या कपाळाची शीर उठते.

दुपारी बैलांना पाणी दाखवायला कमळूने ओढ्याकाठी गाडी सोडली. वरच्या चढावर ठाकरांची वाडी होती, सात-आठ कुडाची घरं. खळ्यावर एक बाई एकटीच भात झोडत होती. कमळूने खालूनच माझी दवंडी पिटली आणि बैल घेऊन ओढ्यात उतरला. बाईने हातातली पेंढी खाली ठेवली. मला वर बोलावून ओसरीत बसवलं आणि पेज आणून दिली. तिचं नाव बुधी. इथे एक गोष्ट सांगून टाकते. मी कोणाच्या हातचं खाल्लं याची चौकशी ज्यांना करायची असेल त्यांनी खुशाल करावी, ती पेज उत्तम होती. फक्त अळणी होती. मी मीठ मागितलं. बुधीने माझ्याकडे जरा बघितलं, आत जाऊन दोन खडे आणून दिले, आणि मी पेज संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

आत गोधडीवर तिची पाच वर्षांची चिमी तापाने निजलेली होती. मी कपाळाला हात लावला, तो भाजत होता.

"दोन सालं झाली," बुधी म्हणाली. "आसाच ताप आलता. मी वाघदेवाला बोलली, पोर ऱ्हाऊ दे, नारळ देईन नि नव्या भाताची पयली कणसं देईन. ऱ्हायली पोर. पन माजं जानं नाय झालं. पोर टाकून कशी जाऊ, नि घेऊन कशी जाऊ? घरवाला गवताच्या कामाला गेला, तो शिमग्याला येतो. आता परत ताप आला. देव इचारतो हाय, माजं कुठं हाय म्हनून."

तिने आढ्याला टांगलेलं लाल फडक्याचं गाठोडं काढलं. आत तो दोन वर्षांचा नारळ होता. हलवला तर खोबरं आत खडखड वाजत होतं. दर वर्षी ती जुनी कणसं काढून नवी बांधत असे, त्या वर्षीची आदल्याच दिवशी बांधली होती. तिने गाठोडं माझ्या दोन्ही हातांत ठेवलं.

"जमिनीला लावायचं नाय. टेकलं का मोडला नवस. नि देवाला तुज्या हातानं दे, दुसऱ्याच्या नको."

मी म्हटलं, "अगं, पण मी..." पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. कमळू ओढ्यावरून वर आला होता. त्याने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. "नाय म्हनू नका बाय. देवाकडं जानाऱ्यानं कोनाचं वझं नाकारायचं नाय, आशी रीत हाय हितं."

मग मी काय केलं? पिशवीतून क्विनीनच्या गोळ्या काढल्या, त्या कशा आणि किती द्यायच्या ते बुधीकडून तीनदा म्हणून घेतलं, आणि तिने त्या पदराच्या गाठीत बांधल्या. गोळ्याही द्यायच्या आणि नारळही पोचवायचा. यात विसंगती आहे, असं एका सुशिक्षित गृहस्थांनी मला नंतर सुनावलं. असेल. तापलेल्या मुलीजवळ बसून विसंगती शोधायला मला सवड नव्हती.

तिथून पुढचा प्रवास कसा झाला ते ज्याने कधी हातात न टेकवायचं ओझं धरलंय त्यालाच कळेल. गाडीत बसायचं तर गाठोडं मांडीवर. उतरायचं तर आधी कमळूच्या हातात, मग मी, मग परत माझ्या हातात. पाणी प्यायचं तर ते गळ्यात. किन्हवलीला पोचलो तेव्हा माझा डावा खांदा भरून आला होता. कमळू निघताना म्हणाला, "फडकं परत आनायला इसरू नका. देवाचा शेंदूर लावून तिला द्यायचं आसतं. फडकं घरी आल्याबिगर नवस फिटला म्हनत नाय." माझा बेत टोकावड्याहून मुरबाड आणि मुरबाडहून मोटारीने कल्याण असा होता. सोमवारी शाळा उघडत होती. या वाटेने परत यायचा प्रश्नच नव्हता.

किन्हवलीत एका शाळामास्तरांकडे उतरले. मास्तरांच्या पत्नीने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं होतं. असं बिरडं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. गाठोडं खुंटीला टांगलेलं बघून मास्तर हसले. सगळी हकिकत ऐकून आणखी हसले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. उद्या काळू नदी लागेल, द्या सोडून त्यात. नाहीतर इथेच फोडू, सकाळी चटणी होईल. तिला काय कळणार आहे?"

माझा घास हातातच राहिला. हेच तर मी स्वतःशी गाडीत दोनदा बोलले होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते इतकं हलकट वाटलं की मी ताडकन बोलले, "तिला कळणार नाही म्हणूनच सोडता येत नाही."

"म्हणजे तुमचा विश्वास आहे यावर?"

"नाही. तिचा आहे. आणि ते तिने माझ्या हातात दिलंय."

मास्तरांच्या पत्नीने माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

शनिवारी पहाटेच पायी निघाले. किन्हवली ते सरळगाव ही वाट उतरणीची आणि चांगली आहे, फक्त मध्ये काळू नदी. दिवाळीनंतर पाणी गुडघ्याच्या वर असतं, पावसाळ्यात या वाटेचा विचारही करू नका. गाठोडं डोक्यावर, वहाणा कमरेला, एका हातात छत्री टेकायला. मधोमध शेवाळावर पाय घसरला आणि मी छातीपर्यंत पाण्यात बसले, पण दोन्ही हात वर! छत्री वाहून गेली. काठावरचा एक कातकरी मासे धरायचं सोडून हसत होता, मीही हसले.

सरळगावला मुरबाडहून येणारी सर्व्हिस मोटार मिळाली. हल्ली या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात, म्हणून वेळ धरून निघू नका. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, बोचकं टपावर द्या, नाहीतर पायाखाली ठेवा." मी म्हटलं, दोन्ही नाही. तो म्हणाला, मग दुसऱ्या सीटचं भाडं. मी म्हटलं, "नारळ बसतोय का सीटवर? माझ्या मांडीवर बसतोय." मागच्या बाकावरच्या बायकांनी माझीच बाजू घेतली. टोकावड्यापर्यंत त्या आळीपाळीने गाठोडं धरून मला हात मोकळे करू देत होत्या, आणि कोणाचं, काय झालं पोरीला, असं विचारत होत्या. 'कशाला' असं मात्र एकीनेही विचारलं नाही.

रविवारी सकाळी टोकावड्याहून घाटाकडे चालत निघाले. एका वळणावर झाडी संपली आणि तो समोर आला. नऊ वर्षं मी त्याला खडूची एक जाड रेघ काढत होते! तो सरळ उभा होता, काळा, ओला, वर मान नेली तरी माथा दिसेना, आणि दिवाळी उलटली तरी दोन ठिकाणी बारीक पाणी कोसळत होतं. मी रस्त्यात उभी राहून रडले. लाज वाटली नाही, आताही वाटत नाही.

वाघदेव तिथून जवळच, उंबराखाली, दगडी चौथऱ्यावर. शेंदराने लाल झालेला वाघ कोरलेला दगड. चौथऱ्यावर म्हातारा भगत बसला होता, खाली चार-पाच गावकरी. मी गाठोडं घेऊन पायरी चढायला लागले, तसा भगताने हात आडवा केला.

"थांबा बाय. कपाळ मोकळं हाय तुमचं."

"हो."

"मंग तुमचा हात नाय चालायचा देवाला. द्या हिकडं, मी ठेवतो."

त्याचा आवाज वाईट नव्हता. हात पुढे करून तो वाट बघत होता. देऊन टाकणं किती सोपं होतं! पण बुधीचं वाक्य माझ्या कानात होतं, आणि त्याहून जास्त, गेल्या सहा वर्षांतले असे सगळे आडवे हात. हळदीकुंकवातले, मंगलकार्यातले, देव्हाऱ्यासमोरचे. माझा आवाज चढला.

"बाबा, परवा दुपारपासून हे याच हातात आहे. याच हातांनी काळू ओलांडली. मी पाण्यात बसले पण याला थेंब लागू दिला नाही. माझा हात चालत नसेल तर हे तेव्हाच बाटलं. मग तसं सांगा. मी हे परत नेते आणि त्या बाईला सांगते, तुझा नारळ देवाच्या दारातून परत पाठवला."

खालचे गावकरी एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला एक वयस्क म्हणाला, "दारी आल्यालं परत कसं धाडनार? आसं कदी झालं नाय." दुसरा म्हणाला, "भुईला नाय ना लागलं?" मी म्हटलं, "नाही." भगताने आडवा हात हळूच खाली घेतला आणि बाजूला सरकला.

मी पायरी चढले. गाठ सोडली. कणसं वाघासमोर ठेवली आणि नारळ दगडावर फोडला. दोन वर्षांचा नारळ आतून कुजलेला निघाला तर मी बुधीला काय सांगणार होते? आत पांढरंशुभ्र सुकं खोबरं निघालं. भगताने नाव विचारलं. मी म्हटलं, "ठाकरवाडीच्या बुधीची चिमी." त्याने ते मोठ्याने देवाला सांगितलं, फडक्याला शेंदूर लावला, खोबऱ्याचा तुकडा त्यात बांधला आणि मग मला विचारलं, "नि तुमचा नवस?"

तिथे मी खोटं बोलू शकले नाही. "माझा नवस नाही. मी डोंगर बघायला आलेय."

मला वाटलं आता पुन्हा तो शब्द येणार. म्हाताऱ्याने मान वळवून कड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग बगा की," तो म्हणाला, आणि मला बसायला चौथऱ्यावर जागा करून दिली.

मी तासभर बसून बघितला.

दुपारची मुरबाडची मोटार टोकावड्याला उभी होती. तिच्यात बसले असते तर सोमवारी पहिल्या तासाला वर्गात असते. मी बसले, पण सरळगावलाच उतरले. फडकं माझ्या पिशवीत होतं, आणि ते बुधीकडे पोचल्याशिवाय ही सगळी यातायात फुकट होती. ज्या भगिनींची नोकरी आहे त्यांनी या वाटेला दोन दिवस जादा धरावेत, म्हणजे माझ्यासारखी फजिती होणार नाही. सोमवारी किन्हवली गाठली, आणि मंगळवारी सकाळी मिळेल त्या गाडीने ठाकरवाडीच्या ओढ्याशी उतरले. चढ चढताना मनात एकच होतं. चिमीला काही झालं असेल तर? गोळ्या लागू पडल्या नसतील तर?

चिमी खळ्यावर बसली होती. सुकलेली, डोळे खोल गेलेले, पण हातात काठी घेऊन भातावरच्या कोंबड्या हाकत होती.

बुधीने फडकं घेतलं, शेंदूर स्वतःच्या आणि पोरीच्या कपाळाला लावला, खोबरं दोघींनी खाल्लं, मलाही दिलं. आभार वगैरे काही नाही. एवढंच विचारलं, "तुज्या हातानं दिलंस?"

"माझ्या हाताने," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "बुधी, मी खोटं बोलले होते. मी नवसाला निघालेच नव्हते."

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय?"

"आमच्यात नवसाला जानारा मीठ सोडतो. परत येईतोवर खात नाय. तू तर माज्याकडं मीठ मागून खाल्लंस." ती हसायला लागली, चिमीही तिचं बघून हसायला लागली.

माझा चेहरा पडला असणार. "मग माझ्या हातात दिलंस कशाला?" तोच शब्द, आणि तो मी विचारला!

बुधीने पेंढी उचलली. "तू जानारी दिसलीस," ती म्हणाली आणि भात झोडायला लागली.

मंगळवारी रात्री घरी पोचले. सासूबाई दारातच होत्या. दोन दिवसांच्या काळजीने आधी भरपूर बोलल्या, मग सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "शाळेच्या अर्जात तब्येत बरी नव्हती असं लिही." मी तसं लिहिलं नाही. मी लिहिलं, 'सह्याद्री पाहण्यास व एका बाईचा नवस पोचवण्यास गेले होते.' अर्ज परत आला. कारण बदला, असं शाळेतून तोंडी सांगितलं. मी बदललं नाही. दोन दिवसांचा पगार गेला आणि नोकरीच्या पुस्तकात शेरा बसला. तो आजही तिथे आहे, कोणालाही दाखवायची माझी तयारी आहे.

मी अजून नवस करत नाही. पण कोणी करणारं भेटलं तर कपाळाची शीर उठत नाही. आणि सकाळी शाळेला निघताना, बाजारात जाताना, देवासमोर दिवा लावतानासुद्धा मी स्वतःला विचारते, तू जाणारी आहेस की नुसतीच निघालेली? पुष्कळदा उत्तर लाजिरवाणं येतं. तरी विचारते.

त्या बुधवारी पाचवीत गेले आणि फळ्यावर सह्याद्री काढला. या खेपेला तो फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत गेला, खडू अर्धा संपला. मंदाने हात वर केला नाही, मागच्या वेळी गप्प बसवलं होतं ना. मीच म्हटलं, "मंदा, मी पाहून आले."

ती उभी राहिली. "खरंच? कशाला गेला होतात बाई?"

"तू विचारलं होतंस म्हणून," मी म्हटलं.